निर्णय द्यायचा राहिला

पॅरिस. ईस्टरआधीचा उपवासकाळ, पहिला मंगळवार

आन्सो! आपला आन्सो! वर्गात शिंक आली तरी माफी मागणारा तो भाबडा माणूस — त्यानं आज सगळ्यांची तोंडं बंद केली. मी अजून सावरलेलो नाही.

वादाचा विषय माझाच: राज्य चालवायला धर्म लागतो, की बुद्धी पुरे? बाजूही मीच वाटल्या. धर्माची बाजू बोदुएंला दिली, कारण त्याचा आवाज दणदणीत. विरुद्ध बाजू मुद्दाम आन्सोला. एवढा भाविक, पुढल्या वर्षी पाद्री होऊन गावी जाणारा — तो काय बोलणार! म्हटलं, उद्या खोडायला सोपं जाईल. आपली पद्धतच आहे ती: आज विरुद्ध बाजूनं हवं ते बोलावं, दुसऱ्या दिवशी मास्तरांनी, म्हणजे मी, उभं राहून निर्णय द्यावा, एकेक मुद्दा खोडावा. तोवर बोललेलं कुणाचंच नसतं.

आन्सो वर्गात अंथरलेल्या गवतावरून उठला. कपड्यांना चिकटलेल्या काड्या झटकल्या. "अरबांच्या ग्रंथांत म्हटलंय," तो म्हणाला, "शहाण्याला पुरावा लागतो, बाकीच्यांना गोष्ट. धर्म म्हणजे तेच सत्य, गोष्टीच्या रूपात. मग गोष्ट सांगणाऱ्यानं राज्य करणाऱ्याला हुकूम का सोडावा? तो बिशप असला तरी?"

बोदुएं लालबुंद. "अरे — अरे, हे पाप आहे!"

"पाप आहे, हे उत्तर नाही, भाऊ. उत्तर दे."

काय तो गोंधळ! पोरांनी गवत उधळलं. आन्सो खाली बसला आणि त्यानं हळूच छातीवर क्रूसाची खूण केली.

बुधवार

दाढ! जबडा सुजून भोपळा झालाय. निर्णय पुढे ढकलला.

गुरुवार

न्हाव्यानं दाढ उपटली. निम्मा जीवही उपटला मेल्यानं. घरमालकीण पेत्रोनिल पातळ पेज घेऊन आली. म्हणाली, "मास्तर गप्प! गल्लीला सण आहे आज." हसताही येईना. निर्णय आता सोमवारी.

शनिवार

आन्सोला बिशपच्या माणसांनी उचललं!

माझा विश्वासच बसेना. अनवाणी धावत गेलो. बिशपांच्या वाड्यात त्यांचे सचिव फादर ओदों भेटले — खारवलेला मासा खात होते, उठलेसुद्धा नाहीत.

"तुमच्या पोरांकडून ऐकून मासळीबाजारात कोळिणी काय म्हणताहेत, ऐकलंत?" ते म्हणाले. "गोष्ट सांगणाऱ्यानं गोष्टच सांगावी! काल एकीनं हे माझ्या तोंडावर ऐकवलं."

"फादर, ती विरुद्ध बाजू होती. मी दिलेली!"

"असेल. मग निर्णय कुठाय?"

"माझी दाढ —"

"या शहराचा धर्म तुमच्या दाढेवर अवलंबून आहे का, मास्तर?"

सोमवारी चौकशी आहे. मी तिथे उभं राहून निर्णय द्यायचा, मुद्दा खोडायचा. खोडला गेला, तर तो नुसता वर्गातला वाद. नाही, तर ते आन्सोचं मत — मग कोठडी, आणि पाद्री होणं जन्मात नाही. त्याच्या आईनं गावच्या चर्चमधल्या वेदीसाठी कापड विणून ठेवलंय. हे त्यानंच मला केवढ्या कौतुकानं सांगितलं होतं.

खोडीन की! आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?

रविवार

प्रार्थनेहून आलो तो बसलोच लिहायला. पहिलं उत्तर लिहिलं — पोकळ. दुसरं — बोदुएंचंच, फक्त लॅटिन बरं. तिसऱ्याशी आलो आणि हात थांबला.

मला खोडता येत नाही.

हे कसं शक्य आहे? विषय माझा, बाजू मी दिली! मी सोपं म्हणून दिली! पेत्रोनिल पेज ठेवून गेली, तिच्यावर साय धरली. मला भीती वाटतेय. आन्सोसाठी वाटतेय, आणि लाज वाटते लिहायला, पण स्वतःसाठीही वाटतेय. मंगळवारपासून मला तो मुद्दा पटलेला आहे की काय?

सोमवार



आन्सोला आणलं. ओठ फुटलेला. फादर ओदों म्हणाले, "द्या निर्णय, मास्तर."

उभा राहिलो. "धर्म हा राज्याचा —" म्हणालो आणि पुढे काही नाही. काहीच नाही! सगळे माझ्या सुजलेल्या गालाकडे बघत होते.

तेवढ्यात आन्सो म्हणाला, "मास्तरांना बोलता येत नाहीये. दाढ काढलीय त्यांची. परवानगी असेल तर त्यांचं उत्तर मी सांगतो."

माझं उत्तर! मी दिलेलंच नाही ते!

"बुद्धी राजाला काय करावं ते सांगते," तो म्हणाला. "पण त्याच्या चुकीच्या हुकमानं माणूस फासावर गेला, आणि राजाला ते नंतर कळलं, तर? त्याला माफ कोण करणार? पुरावा माफ करत नाही. म्हणून राजालाही कुणापुढे तरी गुडघे टेकावे लागतात." असे सगळे मुद्दे त्यानं एकेक करून खोडले. स्वतःचीच भिंत स्वतः पाडत होता, आणि वीटही वाकडी पडू देत नव्हता. फादर ओदोंनी डोळे पुसले. मीही पुसले.

सुटला! माझा आन्सो सुटला!

मंगळवार

त्याला पुलापर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, "तू मला वाचवलंस रे. पण खरं सांग, कुठलं आन्सोचं? त्या दिवशीचं की कालचं?"

"त्या दिवशी तुम्ही सांगितलंत म्हणून बोललो. काल त्यांना हवं होतं म्हणून. मला काय वाटतं, ते कुणी विचारलंच नाही, मास्तर."

"मग मी विचारतोय. बोल."

त्यानं मागे वळून पाहिलं. पुलावर कुणी नव्हतं. मग खूप प्रेमानं माझा हात धरला.

"बाजू कुठली देताय?"