चौकसी की चौकशी

आई,

परवा लेकीच्या शाळेतून फोन आला. सातवीच्या मुलींनी पहिलीच्या पोरांना पंचगंगा घाटावर न्यायचं, होड्या दाखवायच्या आणि परत आणायचं. बाई वर गल्लीच्या तोंडाशी थांबणार. मुलांना जबाबदारी द्यायला हवी, असं बाई फारच गोड आवाजात म्हणाल्या, आणि गोड आवाजाचा मला संशय येतो. जबाबदारी मुलांना आणि आराम बाईंना, असं तर नाही? त्या पायऱ्या किती उभ्या आहेत, पाणी ओसरल्यावर त्यांवर किती शेवाळ धरतं, तुला ठाऊक आहे. लेक मात्र हटूनच बसली.

तुझ्यावरही माझा असाच एक जुना संशय आहे. मी चौथीत, दूधविनायकाजवळच्या त्या शाळेत, तुझ्याच वर्गात. शाळा हिंदी मुलखातली, म्हणून तिथे तू माझ्याशीसुद्धा हिंदीच बोलायचीस. एकदा मोठ्या बाईंनी तुम्हा सगळ्या शिक्षिकांना बोलावलं, तेव्हा वर्ग माझ्यावर सोपवून म्हणालीस, “हम आते हैं, तब तक चौकसी रखना.” माझ्या घरच्या मराठी कानांनी ऐकलं चौकशी. मग काय, माकडाच्या हाती कोलीत. एकेकीला उभी करून विचारत सुटले: उशीर का झाला, डब्यात काय आणलंस, काल कोणाशी भांडलीस. पेरू तूच चोरलास ना, म्हटल्यावर एक बिचारी रडायलाच लागली.

घरी मी अवाक्षर काढलं नव्हतं. तरी संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता तू म्हणालीस, “अगं, चौकसी म्हणजे लक्ष ठेवणं. पेरूची चौकशी कोणी सांगितली होती तुला?” आणि दुसऱ्या दिवशी वर्ग पुन्हा माझ्याच हाती दिलास. तुला पेरू कळला कसा? दाराआड होतीस, तर ती रडेपर्यंत गप्प का राहिलीस? आणि वर्ग खरंच माझ्यावर सोपवला होतास, की लुटूपुटूचा?

लेकीला मी हो म्हटलं आणि आज सकाळी घाटावर एका पंड्याच्या मोठ्या छत्रीआड जाऊन उभी राहिले. ती येते, दोन्ही हातांना दोन पोरं, बाकीची मागे. एक कार्टं शेवाळाकडे धावतं. मी पाऊल उचलते, तोवर तिनं त्याला कॉलर धरून मागे ओढलेलंही असतं, न ओरडता. परतताना ती छत्रीजवळून जाते आणि मान न वळवता म्हणते, “आई, दुपट्टा दिखतोय तुझा.”

मी ओशाळले. हे पत्र तुला पाठवणार कुठे, आणि पोचलंच तर तू म्हणशील, मला माहीतच होतं.

एक मात्र तुला माहीत नसेल. संशय कसला म्हणा, त्या दिवशी दाराआड तुझ्या साडीचा हिरवा काठ मला दिसला होता. आपण पाहिलं तर तू निघून जाशील, म्हणून मी पुन्हा तिकडे पाहिलंच नाही.