पानाखालचं नाव

५ जानेवारी २०२५, रविवार

स्वतःच्या हाताने केलेलं — आज बसून मोजलं. स्वयंपाकघराचा ओटा (दोनदा. पहिल्याचा उतार चुकला होता). सागाचं कपाट. माझ्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानातलं तार गुंडाळायचं यंत्र, सायकलच्या चाकापासून. पुस्तक शिवायची चौकट. मोरचूद घातलेली मैद्याची खळ — कसर लागत नाही. आमच्या साहित्य मंडळाच्या ‘खाचर’ या हस्तलिखित वार्षिकाचे अकरा अंक : शिलाई, पुठ्ठा, कापडी पाठ सगळी माझी, आणि निम्म्याहून जास्त अक्षरं माझी. शिकवलं कुणी नाही. शाळा नववीला सुटली.

मोजायचं कारण, दिवाळीत बाहेर पडलेला अकरावा अंक आज फिरून परत आला. हाताने लिहिलेली एकच प्रत, बारा घरं, नऊ आठवडे. पान ३४ वर तेलाचा डाग. खडूची पूड टाकून ठेवली. शेवटच्या कोऱ्या पानांवर अभिप्राय सात. त्यातले चार ‘अक्षर सुंदर’. माझ्या कथेबद्दल एकही नाही. अकरा वर्षांत एकही नाही! वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

मंडळाची बैठक, भिसेगावला मनोजच्या गच्चीवर. नऊ जण. हर्षला उभी राहिली — शाळेत शिक्षिका आहे, दिवाळीनंतर मंडळात आली. म्हणाली, “दादा, रागावू नका, तुम्हाला न विचारता एक उद्योग केला.” अंक तिच्या घरी होता तेव्हा तिने ‘परतीचं घर’ या कथेच्या पानांचे फोटो काढले आणि पुण्याच्या एका प्रकाशनाच्या कथास्पर्धेला पाठवले. पहिला नंबर आला. लेखक : भिवाजी भोईर.

टाळ्या. मनोजने हार मागवूनच ठेवला होता.

ती कथा माझी नाही. ऑगस्टात मी आणि मनोज कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीत गेलो होतो, गोष्टी टिपायला. तिथल्या आवडीबाईने ही सांगितली. मी मोबाइलवर घेतली, घरी येऊन कागदावर उतरवली. अनुक्रमणिकेत नाव तिचंच आहे. पण गोष्टीच्या खाली लेखकाचं नाव घालायचं नाही, लिहून काढणाऱ्याचं घालायचं — काना-मात्रा चुकला तर जबाबदार कोण ते कळावं. नियम माझाच. मीच भांडून करून घेतलेला. हर्षलाने पानाखालचं नाव पाहिलं आणि तेच पाठवलं.

म्हटलं, “अनुक्रमणिकेत आवडी आहे.”

“हो की! टोपणनाव छान घेतलंत दादा. बाईचं!”

सगळे हसले. मनोज कानाशी आला. “गप हार घे रं. शब्द तुझेच हायत. तिला कुठं वाचता येतंय?”

घेतला. का, ते माहीत नाही.

१२ जानेवारी

सुंदराने चार घरी पेढे वाटले. शेजारी सांगत होती, “आमच्या ह्यांनी वीस वर्षं कागद नासले, एक लागला बघा!” मी आतून ऐकलं. बायको इतकी खूश लग्नानंतर पहिल्यांदाच. तिला काही सांगितलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

पुण्याहून परीक्षकांचं पत्र आलं. दीड पान. कथेतलं एकच वाक्य त्यांनी उतरवून घेतलंय. वीटभट्टीवरून महिन्यांनी घरी परतलेली बाई बंद दार उघडते आणि म्हणते — ‘मीच पाहुणी आणि मीच बस म्हणणारी.’ परीक्षक लिहितात, या एका वाक्यासाठी ही कथा पहिली.

हे वाक्य माझं आहे.

नीट आठवतं. तिच्या गोष्टीत बाई दार उघडून झाडायला लागते, एवढंच होतं. मला तिथं रिकामं वाटलं. दोन ओळी खोडल्या, तिसरी ही. मग अंकात उतरवताना निब अडकलं, ‘पाहुणी’च्या ‘पा’वर शाई जाड पडली. अंकात आत्ता काढून पाहिलं. जाड आहे.

गोष्ट तिची असेल. पण बक्षीस ज्या वाक्याला मिळालं ते माझं आहे. आज पहिल्यांदा जेवण गोड लागलं. निदान तिळाची वडी तरी.

१९ जानेवारी, रविवार

आवडीबाई सध्या खालापूरकडच्या वीटभट्टीवर कामाला आहे. मोटारसायकलवर गेलो. अंक बरोबर नेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. ती साच्यातून विटा पाडत होती. कोपरापर्यंत चिखल. नवरा वाघ्या चिखल तुडवत होता.

सगळं सांगितलं. हार, पेढे, पत्र. सांगताना माझा आवाज दुसऱ्याच माणसाचा वाटत होता.

ती हसायलाच लागली. “मंग काय झालं? ठेव की तुझं नाव. गोष्ट काय भाकर हाय, तू खाल्लीस म्हणून मला उरली नाय?”

वाघ्या म्हणाला, “नाव तुझं लागलं ना दादा? मंग उंद्यापासून भट्टीवर बी तूच ये.”

“तू चिखल तुडव रं,” ती त्याला म्हणाली. मग मला, “पन मी सांगितली तशीच लिवलीस ना?”

“तशीच.”

“वाच.”

विटांच्या ढिगावर बसून वाचली. ती मान हलवत होती, हात साच्यावरच. ‘सहा महिन्यांनी घरी आले’ इथं थांबवलं.

“सा नाय. सात.”

म्हटलं, दिवाळी झाल्यावर जाता, अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला येता — मोजा बोटांवर, सहा होतात.

“त्या सालाला पाऊस दारात आला तवा आलो. सात म्हनलं व्हतं मी.”

“सहा म्हणालात, आवडीबाई.”

“तू व्हतास का भट्टीवर?”

वाघ्या खो खो हसला. पुढचं मी भरभर वाचलं. त्या वाक्यावर तिचा हात तेवढा थांबला. निघताना म्हणाली, “सात कर.”

तपशिलात माझी चूक कुणी काढलेली नाही, आजवर. मी सहा लिहिलंय म्हणजे ती सहाच म्हणाली असणार.

२५ जानेवारी, शनिवार

बैठक. कथा कशी सुचली, यावर मला बोलायला लावलं. वीस मिनिटं बोललो. चांगलं बोललो म्हणतात.

२ फेब्रुवारी, रविवार

पुण्याच्या प्रकाशक बाईंचा फोन. पुस्तक करायचं म्हणतात. वीस कथा. ‘परतीचं घर’ पहिली हवी, पुस्तकाचं नावही तेच. “बाकीच्या एकोणीस तुमच्या ज्या असतील त्या चालतील.” चालतील! त्या एकोणिसांतली एकेक मी सहा-सहा वेळा लिहिली आहे. अकरा ठिकाणांहून परत आल्यात त्या. काही ठिकाणांहून तर परतही नाहीत.

विचारलं, ही पहिली नसली तर?

“मग पुस्तक नाही, भोईर. स्पष्टच सांगते.”

हो म्हणालो. करार पाठवते म्हणाल्या. सुंदराला सांगितलं. तिने विचारलं, “पुस्तकावर फोटो असतो का हो मागं? मग तो जुना शर्ट घालू नका.”

मला आनंद झाला की नाही, ते मी तपासून पाहिलं. कळलं नाही. झोपेत हातावर डोकं राहिलं की हात आपला वाटत नाही, तसं.

५ फेब्रुवारी, बुधवार

करार आला. सहीआधी कथा एकदा शेवटची तपासून द्या, असं वर लिहिलंय. सहा की सात, तेवढं पक्कं करावं म्हणून दुकानात मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. एक्केचाळीस मिनिटं. ऑगस्टानंतर ऐकलं नव्हतं. कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

नवव्या मिनिटाला : “सात म्हयने.” स्वच्छ.

ठीक. एक चूक. पुढे ऐकत राहिलो. मी केलेले बदल मोजत गेलो, चौदा निघाले. चौदाही ठिकाणी तिचं बरोबर आहे. ती म्हणते दाराला सुतळी बांधली होती, मी कुलूप केलंय. कुलूप कुठून आणणार होती ती?

सत्ताविसाव्या मिनिटाला कोंबडी ओरडते. मनोज खोकतो. मग ती :

“दार उघाडलं, नि आत कोन नाय. मीच पावनी, नि मीच बस म्हननारी.”

पुन्हा लावलं. पुन्हा. सात वेळा.

मी खोडलेल्या दोन ओळी माझ्या होत्या. तिसरी लिहिली असं जे मला आठवतं, ती तिचीच, आठवलेली होती. निब अडकलं ते खरं. शाई जाड पडली तेही खरं. बाकी काही नाही.

समोर एकजण पंप घेऊन उभा होता. “भोईर, झोपला काय हो?” म्हणाला. किती वेळ उभा होता विचारलं नाही.

६ फेब्रुवारी

दोन मोटारींचं वाइंडिंग केलं. दुसरीचे वेढे मोजताना चुकलो. उलगडून पुन्हा केलं.

७ फेब्रुवारी

सुंदराला रेकॉर्डिंग ऐकवलं. ती तवा उतरवून ऐकत बसली. शेवटी म्हणाली, “बाई बोलते बरी.” मग तवा पुन्हा चढवताना, “पेढे मी वाटले ओ.”

८ फेब्रुवारी, शनिवार

बैठकीला गेलो. उभा राहून सांगितलं. रेकॉर्डिंग लावलं, सत्ताविसावं मिनिट. हर्षला रडायला लागली, चूक माझी म्हणाली. म्हटलं, नियम माझा आणि गप्प बसणंही माझं. मनोज म्हणाला, “आता पुस्तक घालवू नको रं, म्हंजे झालं.”

९ फेब्रुवारी, रविवार

पुण्याला फोन करून सगळं सांगितलं. बाईंनी विचारलं, “मंडळाबाहेर हे कुणाला ठाऊक आहे?” नाही म्हटलं. “मग बिघडलं कुठं? तिचे आभार मानू, पहिल्याच पानावर.” बाकी सगळं तसंच : वीस कथांचं पुस्तक, वर नाव भिवाजी भोईर, मानधन पस्तीस हजार रुपये. पुस्तकच नको म्हणालो.