दोन बोटांची टाळी

अब्बा,

परवा मी माझ्या वर्गातली चोवीस मुलं घेऊन फुटबॉलची मॅच बघायला गेले होते. पगारी खेळाडूंची मॅच, इथे आखातात, अल रय्यानच्या त्याच मैदानावर, जिथे तुम्ही मला आणि धाकट्याला नेलं होतं. तुम्ही असतात तर खूश झाला असतात, आणि तुमची ती खुशी मला बघवली नसती. त्या एका शुक्रवारचा राग मी चौदा वर्षं तुमच्यावर धरून आहे. राग हा तसा सभ्य शब्द झाला. खरं म्हणजे मला तुमची लाज वाटायची, आणि त्या लाजेच्या तळाशी तुच्छता होती. तुम्ही वारलात तेव्हा मी अकरा वर्षांची होते. सगळे रडत होते, मीही रडले, पण ती तुच्छता जागची हलली नाही.

तेव्हा मी नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. तुम्ही बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर आणि कंपनीचा मालक कुठल्याशा क्लबच्या कमिटीवर. क्लबची मॅच असली की स्टँड ओस दिसू नये म्हणून कॅम्पवरच्या मजुरांना बसमध्ये कोंबून न्यायची पद्धत होती. त्या खेपेला वरून, मुदीरकडून म्हणजे मॅनेजरकडून, फर्मान निघालं की ज्यांची फॅमिली इथे आहे त्यांनी पोरंही आणावीत, टीव्हीवर बरं दिसतं. तुम्ही घरी आलात ते उड्या मारतच. "मुदीरनी खास बोलावलंय," तुम्ही म्हणालात. "आपल्याला. नावानिशी." अम्मी सुरमई साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "नावानिशी ना? मग तिकिटावर नाव असंल." तिकीटच नव्हतं. गेटवर एका माणसाने आम्हाला आत ढकललं, डोक्यावर पिवळ्या टोप्या घातल्या, हातात कागदी झेंडे आणि ज्यूसचे पुडे दिले. मी ईदचा फ्रॉक घालून आले होते. तो फ्रॉक पुढे कधी अंगावर चढवावासा वाटला नाही.

पुढे कठड्यापाशी कंपनीचा एक माणूस भोंगा घेऊन उभा असतो. आपल्याकडचाच, तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तो हात वर करतो, आपण टाळ्या वाजवतो. हात खाली, टाळ्या बंद. तुम्ही सगळ्यांत आधी सुरू करता आणि सगळ्यांत शेवटी थांबता, आणि आम्हालाही कोपराने ढोसता, "वाजव ना गो." मग समोरच्या टीमचा एक खेळाडू लांबून, फार लांबून, चेंडू असा मारतो की तो हवेत वळतो आणि गोलकीपरच्या डोक्यावरून जाळ्यात जातो. आपला अख्खा स्टँड गप्प. आणि तुम्ही उभे. एकटे. टाळ्या वाजवताय.

"ए सदीक," भोंग्यातून आवाज आला. "मुख माफी? उनका गोल है. बैठो." सदीक म्हणजे दोस्त, मुख माफी म्हणजे डोक्यात मेंदू नाही. कॅम्पचे लोक खदाखदा हसले. तुम्ही टोपी काढलीत, पुन्हा घातलीत, "सॉरी सर" म्हणालात आणि बसलात. सर. त्या भोंगेवाल्याला.

बसमध्ये मी विचारलं, "अब्बा, आपली टीम कुठली तेवढंही तुम्हाला कळत नाही?"

"अगो, पण गोल बघितलास ना?"

"तो त्यांचा होता."

"त्यांचाच. पण बघितलास ना?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. घरी आल्यावर अम्मीला सगळं सांगितलं, तुमच्या आवाजात "सॉरी सर" म्हणून दाखवलं. पहिल्यांदा ती हसली. नंतर मी पुन्हा पुन्हा करायला लागले तेव्हा हसेनाशी झाली.

तुम्ही गेल्यावर आम्ही गावी परतलो. मी रत्नागिरीला बी.ए. केलं, आपल्या घरातलं पहिलं. पदवीचा कागद हातात आला तेव्हा मी एकच ठरवलं होतं, की तुमच्यासारखं जगायचं नाही. कुणी हात वर केला म्हणून टाळी वाजवायची नाही. मामूंनी इथे शाळेत चिकटवलं, राहते त्यांच्याकडेच, आणि गेल्या जूनपासून पहिलीच्या वर्गाला शिकवते. आणि मागच्या महिन्यात हेडमिस्ट्रेसच्या टेबलावर एका क्लबचं पत्र येऊन पडलं. लहान मुलांना मॅच फुकट, बस त्यांची, टोप्या त्यांच्या. बाई पुण्याच्या आहेत, दार लावलं की माझ्याशी मराठीत बोलतात. त्यांना ते पत्र म्हणजे बहुमान वाटला. "मुलांना एक्सपोजर मिळतं," त्या म्हणाल्या. मी एक पानभर अर्ज लिहून दिला, की माझी मुलं रिकाम्या खुर्च्या भरायचं सामान नाहीत. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, घडी करून मला परत दिला.

"घरातली पहिली ग्रॅज्युएट ना तू? इंटरव्ह्यूत सांगितलं होतंस. पहिल्या ग्रॅज्युएटला जग सुधारायची फार घाई असते." मग सहज विचारल्यासारखं, "तुझं कॉन्ट्रॅक्ट मेमध्ये संपतं, नाही का?"

"नेते मी मुलांना," मी म्हटलं. "पण कुणाच्या इशाऱ्यावर टाळ्या वाजवायला लावणार नाही."

"बघू," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसण्यासाठीच मला त्यांना खोटं पाडायचं होतं.

वर्गात मी मुलांना समजावलं. तिथे एक माणूस हात वर करेल, त्याच्याकडे बघायचं नाही. आपल्याला आवडलं तरच टाळी वाजवायची, मग ते काहीही असो. मुलांनी माना डोलावल्या. मला माझाच फार अभिमान वाटला.

मैदान तुम्ही पाहिलं होतंत तसंच, फक्त टोप्यांचा रंग बदललाय. बड्या लोकांसाठी वर काचेची थंडगार खोली, आणि त्या काचेमागे मैदानाकडे पाठ करून मोबाइलवर बोलणारी माणसं. खाली युरोपातून उतारवयात इथे आलेले, पोटं सुटलेले खेळाडू, पळताना मध्येच कमरेवर हात ठेवून उभे राहणारे. माझ्याबरोबरच्या टीचर एकमेकींचे फोटो काढण्यात गुंग. भोंगेवाल्याच्या जागी आता वॉकीटॉकीवाला होता, गळ्यात पट्टा, अंगात कोट. त्याने हात वर केला की पलीकडच्या स्टँडमध्ये बसने आणलेले मजूर टाळ्या वाजवत. माझी मुलं मात्र त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. त्यांनी गवतावर पाणी उडवणाऱ्या फवाऱ्याला टाळ्या वाजवल्या. स्ट्रेचरला वाजवल्या. गोलपोस्टवर बसलेल्या साळुंकीला उभं राहून वाजवल्या. पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती, ती पडून उठणाऱ्या प्रत्येकासाठी टाळ्या वाजवत होती, कुठल्याही टीमचा असो. "मिस, ही गॉट अप," ती मला दर वेळी सांगायची. मी सुखात होते.

मग समोरच्या टीमने गोल केला. ती मुलगी खुर्चीवर चढली आणि टाळ्या वाजवायला लागली, तिच्यामागे चोवीसच्या चोवीस. मोठ्या पडद्यावर नेमकी तीच मुलं दिसली. वॉकीटॉकीवाला पायऱ्या चढून वर आला.

"मिस, ये क्या चल रहा है? ऊपर से पूछ रहे हैं. कौनसा स्कूल है आपका?" त्याच्या हातात पेन होतं.

याच क्षणासाठी माझं भाषण तयार होतं. इंग्रजीत तयार होतं. मी शेजारी वळले आणि त्या मुलीची दोन्ही मनगटं धरली. "दॅट्स नॉट अवर टीम," मी म्हटलं. "सिट डाउन." आणि त्याच्याकडे वळून म्हटलं, "सॉरी सर." तो माझ्याहून लहान असावा.

"बट मिस, यू सेड," ती म्हणाली. एवढंच. आणि बसली.

हाफटाइमनंतर त्यांनी दुसरा गोल केला, पहिल्याहून देखणा. ती मुलगी उठली नाही. तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी समोर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "छान सांभाळलंस हं. मेची काळजी करू नकोस." मी थँक यू म्हटलं.

अब्बा, त्या शुक्रवारचं एक मी अम्मीला कधीच सांगितलं नाही. तुमच्या "सॉरी सर"नंतर अर्ध्या तासाने त्यांनी आणखी एक गोल केला होता. तुम्ही उठला नाहीत. कागदी झेंडा मांडीवर पसरलात आणि त्याच्याखाली उजव्या हाताची दोन बोटं डाव्या तळहातावर मारलीत. तीनदा. आवाज होणं शक्यच नव्हतं. शेजारी मी होते म्हणून मला दिसलं. तेव्हा मला वाटलं होतं की माणूस यापेक्षा खाली जाऊ शकत नाही, टाळीसुद्धा चोरून वाजवतो. परवा माझी दहाच्या दहा बोटं मोकळी होती, तिची मनगटं मी केव्हाच सोडली होती, आणि मला तेवढंही जमलं नाही.

हे पत्र मी अम्मीला फोनवर वाचून दाखवणार होते, तुमच्या वतीने तिने ऐकावं म्हणून. नाही दाखवणार. तुमच्या बोटांपर्यंत पोहोचायचं तर वाटेत ती मुलगी लागते, आणि तिचं मला सांगवत नाही. काल रात्री गावाहून अम्मीचाच फोन आला. पोरांना घेऊन गेली होतीस ना, कशी झाली मॅच, तिने विचारलं.

मी म्हटलं, "गोल चांगला होता."

कुणाचा, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.