पंख्याचा दांडा येईपर्यंत

॥ श्री ॥
तापीचा घाट, असोद्याच्या उत्तरेला
३ डिसेंबर १९३७

तीर्थरूप झुलालभाऊ यांसी धाकट्या सुंदराचा शि. सा. न. वि. वि.

भाऊ, आमच्या इंजिनाच्या नावेचा, पाण्यातला पंखा फिरवणारा दांडा मोडला. दिवाळीपासून महिनाभर नदीतून हिंडलो, कुठे गाळात रुतलो नाही, आणि इथे खडकावर आपटलो. नवा दांडा मुंबईहून रेल्वेने जळगावला यायचा आहे. तोवर आम्ही काठावरचे पाहुणे. परवा असोद्याला केळीच्या बागेत बसून भरीत-भाकरी खाल्ली. काल जळगावला स्टेशनात पार्सलची चौकशी केली आणि मग हे मला सराफ्यात नुसतं बघायला घेऊन गेले. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण असं सोबत फिरणं पहिल्यांदाच. हसायचं तर हसा.

एक वाईट बातमी आहे. दांडा मोडायच्या आधी सलग चार दिवस आम्ही आमच्या नावेतून माणसं पैलतीरी सोडली. इथे भटूची वल्ह्यांची नाव चालते, ती रिकामी राहिली. काल परतलो तर तो घाटावर उभा. नदी तुना बापनी शे का, असं त्याने ह्यांना विचारलं आणि उत्तर यायच्या आत दगड घातला. भुवई फाटली, तोंडभर रक्त. नाव राखायला ठेवलेल्या म्हाताऱ्या पुनालाही त्याने लाथांनी तुडवलं होतं.

काळजी करू नका. वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच ठेवा.

आपली, सुंदरा


धुळे, ९ डिसेंबर १९३७

चि. सौ. सुंदरास झुलालचे अनेक आशीर्वाद.

कापसाच्या जिनिंगमधलं इंजिनावरचं चांगलं काम सोडून तुझ्या अभिमनरावांना नदीत इंजिन घालायची बुद्धी झाली, तेव्हा मी बोललो नाही. आता बोलतो. नाव पुनाच्या हवाली करा आणि दोघं धुळ्याला या. वहिनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घालील. पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवा. भटूचं पोट त्या वल्ह्यांवर आहे. अशा माणसाला समजावता येत नाही, त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं लागतं.

सराफ्यात नुसतं बघितलंस हे मला पटलेलं नाही.

उत्तराची वाट पाहणारा, झुलाल


जळगाव, २१ डिसेंबर १९३७

तीर्थरूप भाऊंस शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकायला हवं होतं. आम्ही पहूरला मोटारीने गेलो, तिथून अजिंठ्याची लेणी पाहिली. परतताना जळगावच्या स्टेशनात दांडा आलेला मिळाला. ह्यांनी तो खांद्यावर घेतला आणि असोद्यापासून घाटापर्यंत गाणी म्हणत आले. गावाने तो पाहिला, भटूलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो दोन माणसं घेऊन आला. पुना आडवा आला, तर त्याचं डोकं फोडून त्याला पाण्यात लोटलं. ह्यांनी धावत जाऊन पुनाला काठावर ओढलं तेव्हा ते दोघे पळाले. भटू मात्र कुऱ्हाडीने नावेचा तळ फोडत होता. ह्यांनी त्याला धरलं. त्याने कुऱ्हाड चालवली, ह्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं तुटून पडली. हे खाली कोसळले. भटूने पुन्हा कुऱ्हाड उचलली, ह्यांच्या मानेवर. इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल माझ्या हाताशी होतं. मी मारलं. कानाच्या वर लागलं. तो उभाच्या उभा पडला आणि हलला नाही.

पोलीस आले तेव्हा हे म्हणाले, मी मारलं. डोळ्यांनीच मला बजावलं की बोलू नकोस, आणि मी त्यांच्या हाताला पदर बांधत राहिले. पुना शुद्धीवर नव्हता, दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. आता हे कोठडीत आहेत, हात सडू नये म्हणून डॉक्टर रोज येतो. भाऊ, मी काय करू?

सुंदरा


धुळे, २५ डिसेंबर १९३७

चि. सुंदरास आशीर्वाद.

गप्प राहा. वकील ठरवला आहे, तो सोमवारी पोचेल. मला हिवतापाने उठवत नाही, नाहीतर स्वतः आलो असतो. अभिमनरावांनी समजून-उमजून हे अंगावर घेतलं आहे, त्यांना खोटं पाडू नकोस. बाईमाणसाचं तुरुंगात काय होतं ते मला माहीत आहे आणि तुला सांगायची माझी हिंमत नाही. तुला अक्षरं शिकवली ती कबुलीजबाबावर सही करायला नव्हे. हे पत्र जाळ.

झुलाल


जळगाव, १८ एप्रिल १९३८

तीर्थरूप भाऊंस शि. सा. न. वि. वि.

निकालाला तुम्ही होतात, पण माझ्या साक्षीच्या दिवशी नव्हतात, म्हणून लिहिते. सरकारी वकील म्हणाले, बोटं तुटलेल्या हाताने एवढा घाव बसत नाही. म्हणजे आरोपीने आधी मारलं, भटूने जीव वाचवायला कुऱ्हाड चालवली. ह्यांची थाप ह्यांनाच फासाकडे नेत होती. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. हे पिंजऱ्यातून ओरडले की ही खोटं बोलते, तिचं डोकं फिरलंय. शिपायांनी त्यांना दाबून बसवलं. मग मलाही कोठडी झाली. पुना बरा होऊन साक्षीला आला, कुऱ्हाड घेऊन कोण आलं ते त्याने सांगितलं, आणि स्वसंरक्षण म्हणून दोघं सुटलो. सुटल्यावर ह्यांनी आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. नवव्या दिवशी डाव्या हाताने मला घास भरवला.

काल मी एकटी भटूच्या घरी गेले. त्याची आई, भिकुबाई, दारात धान्य पाखडत होती. ओळखून तिने सूप फेकून मारलं, मग झिंज्या धरून उंबऱ्यावर माझं कपाळ आपटलं. मी हात उचलला नाही. दमली तेव्हा खाली बसली आणि विचारलं, मरताना मना पोऱ्या काय बोलना.

तो काहीच बोलला नव्हता, भाऊ. कोर्टात मी शपथेवर तसं सांगितलंच होतं. पण तिच्या दारात मी म्हणाले, त्याने माय म्हणून हाक मारली. ती माझे केस सोडवत बराच वेळ रडली, आणि दोनदा तेच पुन्हा सांगायला लावलं. मी दोन्ही वेळा सांगितलं.

तुमच्या पायांशी जागा असू द्या.

आपली, सुंदरा