कोळी चावल्याची खरी वेळ

डॉक्टरसाहेब,

“मावशी, बाहेर बसा,” असं फर्मावलंत. निवृत्त मुख्याध्यापिकेशी बोलायची ही रीत? नातीला कोळी कधी चावला, असं तुम्ही विचारलंत. मी ‘आत्ताच’ म्हणाले, ते खोटं होतं आणि त्यावरच तुम्ही औषध ठरवताय. सकाळी अडगळीतला बूट घालताना चावला. टाचेवर टाचणीएवढा ठिपका होता. मग ती पोट धरून रडू लागली. मी ओरडले, “चावलं टाचेला आणि दुखतं पोट? नाटकं पुरे, गणितं सोडव!” पोट फळीसारखं कडक झालं, तेव्हा कुठे टॅक्सी बोलावली. चार तास गेले होते. तोंडावर सांगायची छाती होईना, म्हणून लिहायला बसले. आतून तिचा आवाज येतोय, “आजी, मी नाटक नाही करत गं.” कागद राहू दे. मी आत येतेय.

पाच नंबरच्या खाटेवरच्या मुलीची आजी