सासूबाई आणि नाक्यावरचा सिग्नल

गुरुवार, १८ डिसेंबर १९९७

आज सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडून घरी आणत होते. नाक्यावर आमचा सिग्नल हिरवा झाला, म्हणून निघालो. त्या काठी टेकत चालतात. अर्ध्या रस्त्यात पोचलो आणि गाड्या सुटल्या. एक रिक्षा इतकी घासून गेली की त्यांची चप्पल पायातून निघून मागे राहिली. "अम्मा को घर पे बिठाओ ना!" रिक्षावाला ओरडला. मी सासूबाईंना धरून कडेला आणलं.

चप्पल नाक्यावरच्या हवालदाराने आणून दिली. मी म्हटलं, हिरवा जरा जास्त वेळ ठेवा ना.

"ताई, ते माझ्या हातात नाही. ठाण्याच्या ट्रॅफिक ऑफिसात सांगावं लागतं."

घरी आल्यापासून सासूबाई त्या चपलेचा पट्टा चाचपत बसल्या होत्या. "आता मी भायेर जानार न्हाय," म्हणाल्या. सगळा जन्म ह्या खाडीकाठच्या खारीत गेला त्यांचा, आणि आता एका सिग्नलपायी घरात बसायचं? मुळीच नाही.

उद्या रजा टाकून ठाण्याला जातेय. साहेब भेटेपर्यंत तिथून हलणार नाही. जेवताना सासूबाईंना तसं सांगितलं. तर म्हणाल्या, "मी पन येतंय. मी किती हलू चालतंय, ते त्यांना बघू दे."