बिशपच्या आसनाची गादी

सोर, संत लूकचा सण, सन १२७८

ती. गार्निएदादास,
प्रभूची कृपा मागून धाकट्या एशिवेचा सा. न. वि. वि.

मोंतार्नच्या पुरोहितमंडळाने तुला बिशप निवडल्याचं कळलं. आज आईबाबा हवे होते! हे म्हणतात, आता मेव्हण्यापुढे वाकावं लागणार, गुडघ्यांना तेल आलंच. सोबत बिशपच्या आसनासाठी गादी पाठवते आहे. माझ्या लग्नातल्या रेशमी झग्याची केली, आत उरलीसुरली लोकर, खर्च शून्य. वरून गोणपाटात शिवली आहे. दोरा पुरेना, म्हणून लाल, निळे, पिवळे तुकडे गाठी मारून जोडले. हसू नकोस. नाताळला तू तीवर बसलास की भरून पावले.

लोभ आहेच, तो देवापुढच्या दिव्यासारखा तेवता ठेव.
तुझी एशिवा

मोंतार्न, संत मार्टिनचा सण

चि. एशिवेस, अ. आ.

गादी पोचली. पण बाई, नाताळला बसता यायचं नाही. निवड झाली तरी पोपसाहेबांची मंजुरी येईपर्यंत आसनाला शिवायचं नसतं. आधी बसलो तर निवड रद्द, आणि रोमहून कुणी परका नेमला जाईल. त्याला ना इथल्या कोळ्यांची बोली कळणार, ना त्यांची दुःखं. मंजुरी आता वसंतातल्या जहाजानेच. तोवर आसनाशेजारी तिपाई टाकून बसतो. कोळणी रोज ओरडतात, फादर, बसा की वर, उंदरांसाठी ठेवलंय का ते! निवडणुकीत हरलेला ओदो मात्र डोळ्यांत तेल घालून पाहत असतो.

मेव्हण्यांच्या गुडघ्यांना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.
गार्निए

सोर, ईस्टरनंतरचा सोमवार

ती. दादास, सा. न. वि. वि.

जीव थाऱ्यावर नाही. पोपसाहेबांचे वकील मंजुरी घेऊन जहाजातून उतरले, आणि ओदोने तू नाताळातच आसनावर बसल्याची तक्रार केली म्हणे. पुरावा काय, तर माझी गादी! आधी मीच बाजारभर सांगत सुटले होते, की नाताळला माझा भाऊ तीवर बसणार. हे म्हणतात, गोणपाट शिवण्यापेक्षा तोंड शिवायचं होतंस. माझा उपास चालू आहे. खरं लिही, एकदा तरी बसलास का रे?

रागावलास तरी लोभ तोडू नकोस.
एशिवा

मोंतार्न, ईस्टरनंतरचा दुसरा रविवार

चि. एशिवेस, अ. आ.

आधी उपास सोड. वकिलांनी गादी मागवली. मी कोठीतून तुझं गाठोडं आणून जसंच्या तसं पुढे ठेवलं. ओदो म्हणाला, उसवून पुन्हा शिवलं असेल. वकील हसले. म्हणाले, एवढे रंगीबेरंगी तुकडे जोडणारी बाई या किनाऱ्यावर एकच असावी, आणि ती सोरला आहे. मग त्यांनी ओदोलाच एक गाठ सोडायला सांगितली. हिवाळाभराच्या खाऱ्या वाऱ्याने गाठी दगड झालेल्या. बिचाऱ्याचं नख तुटलं, गाठ हलली नाही. वकिलांनी तिथल्या तिथे मंजुरी वाचून दाखवली. कोळणींनी असा गलका केला, की पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही.

पुढल्या रविवारी अभिषेक. गादी अजून गोणपाटातच आहे. आदल्या दिवशी कात्री घेऊन ये आणि तुझ्या हाताने उसव. तोवर मी तिपाईवर बरा आहे. दोऱ्याचे तुकडे तू परत नेणार, हे ठाऊक आहे. फक्त एक लाल माझ्यासाठी ठेव.

तुझा दादा,
गार्निए